हायब्रीड गाडीचं ट्यूनिंग: रीमॅप सगळ्यात शेवटी

हायब्रीड गाडीचा पिकअप वाढवायचा म्हटलं की बहुतेक जण पेट्रोल गाडीचाच क्रम इथे लावतात. आधी एअर फिल्टर, मग सायलेन्सर, मग रीमॅप (इंजिनाच्या संगणकातली फाइल बदलणं), आणि पैसे उरले तर टायर. आवाज वाढतो, ॲव्हरेज पडतं, गाडी मात्र होती तिथेच राहते. हा क्रम जवळजवळ उलटा करावा लागतो.

का, ते एका हिशोबात दिसतं. टोयोटाच्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसचं इंजिन ७३ किलोवॉटचं आणि चाकं ओढणारी मोटर ६० किलोवॉटची. बेरीज १३३ व्हायला हवी, पण गाडीची एकत्रित ताकद १०० किलोवॉट. मधले ३३ कुणी चोरलेले नाहीत, ते कधी नव्हतेच. मोटर कितीही मोठी असली तरी तिची बॅटरी एका वेळी २७ किलोवॉटच देते. ७३ अधिक २७, झाले १००. त्यातही बॅटरी तापली किंवा उतरली की २७ चे १५ही होऊ शकतात आणि तुम्ही इंजिनात शोधत बसता. म्हणून आधी गाडी जे द्यायला हवं ते पूर्ण देते आहे का ते बघायचं, आणि वाढवायच्या गोष्टी त्यानंतर.

## पायरी १: गाडी कुठल्या जातीची ते ओळखा

पुढच्या सगळ्या खर्चाचा निकाल इथेच लागतो.

ताकद वाटणारी हायब्रीड. टोयोटाच्या बहुतेक गाड्या या प्रकारात येतात. इंजिन आणि दोन मोटरी एका प्लॅनेटरी गिअरमधून जोडलेल्या असतात. प्रियसच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत मधल्या सन गिअरला ३० दाते आहेत आणि बाहेरच्या रिंगला ७८. इंजिनाच्या टॉर्कचा ३०/१०८ हिस्सा, म्हणजे सुमारे २८ टक्के, छोट्या मोटरीला (एमजी१) उलट बाजूने रोखून धरावा लागतो, तेव्हाच उरलेला ७२ टक्के चाकांकडे जातो. इंजिनाचा टॉर्क एमजी१ च्या कुवतीपलीकडे वाढवला तर तो चाकांपर्यंत पोहोचत नाही. इंजिन नुसतं चढू लागतं आणि हायब्रीड ईसीयू (ताकद वाटून देणारा संगणक) त्याचा थ्रॉटल आवरतो. या गाडीवर टर्बो बसवण्याचा विचार तिथेच सोडून द्या. १३:१ कॉम्प्रेशन आणि उशिरा बंद होणारा इनटेक व्हॉल्व्ह ही आणखी दोन कारणं आहेत, पण पहिलंच पुरेसं आहे.

जनरेटर फिरवणारी. होंडाच्या दोन मोटरींच्या पद्धतीत शहरात इंजिन फक्त जनरेटर फिरवतं आणि हायवेच्या वेगाला क्लच लागून थेट चाकांना जोडलं जातं. जनरेटर, इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा) आणि बॅटरीच्या मर्यादा जशाच्या तशा ठेवून इंजिन वाढवलं तर शहरात काहीच जाणवत नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये मोटर असलेली. बऱ्याच टर्बो पेट्रोल प्लग-इन गाड्या अशा असतात. ट्यूनिंगला खरी जागा इथे आहे. मर्यादा असते ती क्लचची आणि गिअरबॉक्सची, कारण इंजिन आणि मोटर या दोघांचा टॉर्क त्यांच्यातूनच जातो.

४८ व्होल्टची माइल्ड हायब्रीड. बेल्टवरची छोटी मोटर, बाकी साधी गाडी. साध्या टर्बो गाडीसारखीच हाताळा. ४८ व्होल्ट ही ६० व्होल्ट डीसीच्या सुरक्षित मर्यादेखालची पातळी आहे, त्यामुळे झटक्याची भीती कमी. पण पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर तो लालभडक होऊन चिकटतो, हे विसरू नका.

## पायरी २: हात लावण्याआधी मोजणी

मोजणी न करता सुरुवात केली की शेवटी "आता हलकी वाटते" एवढंच सांगता येतं. गाडीच्या कंपनीचे हायब्रीड आकडे वाचणारा ओबीडी स्कॅनर घ्या. फक्त इंजिनाचे कोड दाखवणारा स्वस्त रीडर इथे निरुपयोगी.

१. रिकामा, बंद ट्रॅक किंवा डायनो (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) ठरवा. डायनोवर ट्रॅक्शन कंट्रोल आडवं येतं, म्हणून गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला मेंटेनन्स किंवा डायनो मोड वापरा. त्या मोडमध्ये रस्त्यावर गाडी काढू नका.

२. टायरची हवा, इंधनाची पातळी आणि एसी (बंद) लिहून ठेवा.

३. प्रत्येक फेरीआधी बॅटरीचं चार्ज एकाच पातळीवर आणा, उदाहरणार्थ ६० टक्के. सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. एक फेरी ७० टक्क्यांवर आणि दुसरी ४८ वर घेऊन केलेली तुलना फेकून द्या.

४. ३० ते ८० आणि ६० ते १०० या वेगांच्या वेळा घ्या. थांबलेल्या गाडीपासूनच्या वेळेत टायरची पकड मिसळते.

५. लागोपाठ पाच फेऱ्या मारा. हायब्रीडची पहिली फेरी सगळ्यांचीच चांगली येते, खरी गाडी पाचव्या फेरीत दिसते.

६. नोंदवायचे आकडे: बॅटरीचं तापमान, बॅटरीची डिस्चार्ज मर्यादा (बऱ्याच स्कॅनरवर डब्ल्यूआउट), इन्व्हर्टरचं तापमान, दोन्ही मोटरींचं तापमान आणि टॉर्क, इंजिनाचे आरपीएम.

ताकद वाटणाऱ्या गाडीत एक फुकटचा डायनो दडलेला असतो. एमजी१ चा टॉर्क ३.६ ने गुणला (१०८ भागिले ३०) की इंजिनाचा टॉर्क मिळतो. तिसऱ्या पिढीच्या प्रियसचं इंजिन जास्तीत जास्त १४२ न्यूटन-मीटर देतं, म्हणजे एमजी१ वर सुमारे ३९ दिसायला हवेत. आरपीएम स्थिर असतानाच हा आकडा वाचा, चढताना तो चुकतो. पूर्ण ॲक्सिलरेटरवर ३३-३४ च्या वर जात नसेल तर इंजिन आजारी आहे. रीमॅपचे पैसे वाचले, स्पार्क प्लग आणि ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत नेणारी व्यवस्था) बघा.

तपासणी: बॅटरीची डिस्चार्ज मर्यादा पाच फेऱ्यांत खूप पडली आणि तापमान चढत गेलं तर पायरी ४ ला सगळ्यात जास्त वेळ द्या. तिथे मिळेल ते दुसऱ्या कशातून मिळणार नाही.

## पायरी ३: उच्च दाबाची वीज बंद करणे

केशरी वायरीत २०० व्होल्टपासून पुढे काहीही असू शकतं. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये इन्व्हर्टरने व्होल्टेज वाढवल्यावर ६५० व्होल्टपर्यंत. एवढ्या व्होल्टचा झटका जीव घेऊ शकतो. केशरी वायर, इन्व्हर्टर किंवा बॅटरीच्या झाकणाला हात लावायचा असेल तर क्रम असा:

१. गाडी बंद. स्मार्ट चावी गाडीपासून किमान पाच मीटर लांब ठेवा. खिशात ठेवाल तर बटणाला चुकून धक्का लागून गाडी जागी होते.

२. १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. ती डिकीत असेल आणि डिकीचं लॅच विजेवर चालत असेल तर त्याआधी डिकी उघडी ठेवण्याची सोय करा. बंद झाली तर उघडायला मागच्या सीटवरून रांगत जावं लागतं.

३. १००० व्होल्टचे क्लास ० रबरी हातमोजे घाला, त्यावर चामड्याचे. रबरी मोज्याचं तोंड गुंडाळून आत हवा कोंडा आणि गालाजवळ धरा. फुस्स लागली तर मोजा बाद.

४. सर्व्हिस प्लग (उच्च दाबाच्या बॅटरीचं सर्किट तोडणारा) काढा आणि स्वतःच्या खिशात ठेवा, टूलबॉक्सवर नाही.

५. किमान दहा मिनिटं थांबा. इन्व्हर्टरचे कपॅसिटर तोवर रिकामे होतात.

६. कॅट ३, १००० व्होल्ट मीटर आधी १२ व्होल्ट बॅटरीवर लावून चालतो का बघा, मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मोजा (० यायला हवं), मग पुन्हा १२ व्होल्टवर. मधल्या मोजणीच्या वेळी मीटरच बिघडला असेल तर ० हा आकडा खोटा असतो.

जोडताना हमखास होणारी चूक सर्व्हिस प्लगची. प्लग आत ढकलायचा, हँडल फिरवायचं, आणि मग ते कडेला किंवा खाली सरकवायचं. ही शेवटची सरक राहिली की इंटरलॉक (सुरक्षेचा स्विच) जुळत नाही आणि गाडी "रेडी" होत नाही. दिसायला प्लग बसलेलाच असतो, आणि लोक इन्व्हर्टर पुन्हा उघडतात.

इशारा: गाडी जॅकवर घेताना केशरी वायरी तळातून कुठून जातात ते आधी बघा. प्लग-इन गाडीत बॅटरीचा तळ हा जॅक लावायची जागा नाही.

## पायरी ४: बॅटरी, कूलिंग आणि तेलं

बॅटरीचा पंखा. हवेने थंड होणाऱ्या बॅटरीची जाळी बहुधा मागच्या सीटच्या बाजूला असते. केस, सीटचा लोकर आणि धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखा थर जमतो. जाळी पुसून भागत नाही, पंखा बाहेर काढा. पाती मऊ ब्रशने एकेक करून साफ करा. कॉम्प्रेसरची हवा बॅटरीच्या दिशेने मारू नका, तो सगळा थर मॉड्यूलच्या मध्ये जाऊन बसतो. सीटवरची बॅग त्या जाळीवर टेकवायची नाही.

ब्लॉकचं व्होल्टेज. प्रियसच्या २८ मॉड्यूलचे १४ ब्लॉक स्कॅनरवर वेगवेगळे दिसतात. उभ्या गाडीत सगळे सारखेच दिसतात, त्यावर विश्वास ठेवू नका. पूर्ण ॲक्सिलरेटरवर आणि जोरदार ब्रेकवर बघा. दुबळा ब्लॉक लोडवर सगळ्यांत आधी खाली जातो आणि चार्जिंगवर सगळ्यांत आधी वर. तोच ब्लॉक दर वेळी अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त वेगळा पडत असेल तर ट्यूनिंग थांबवा. एकच मॉड्यूल बदलून चालवू नका, नवं-जुनं कपॅसिटीत जुळत नाही आणि काही महिन्यांत शेजारचं जातं.

बॅटरी किती वेळ साथ देते तेही कळून असू द्या. २०१.६ व्होल्ट आणि ६.५ अँपिअर-तास म्हणजे १.३ किलोवॉट-तास. ४० ते ८० टक्क्यांमधला भागच वापरात येतो, साधारण ०.५२. २७ किलोवॉटने कागदावर ७० सेकंद, प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण चार्ज उतरू लागताच मर्यादाही उतरते. मोठी लिथियम बॅटरी टाकून ४० किलोवॉट काढायचे म्हटले तर २०० व्होल्टला २०० अँपिअर होतात. कारखान्याचे फ्यूज, रिले आणि केबल त्या हिशोबाचे नसतात, आणि नवं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) गाडीच्या ईसीयूशी बोललं नाही तर चार्जचा आकडाच खोटा येतो. हे काम घरच्या अंगणात करायचं नाही.

इन्व्हर्टरचं कूलंट. बहुतेक गाड्यांत इंजिनाचं आणि इन्व्हर्टरचं सर्किट वेगळं, टाक्याही दोन. एक भरून दुसरी विसरणं नेहमीचं. गाडी रेडी करून इन्व्हर्टरच्या टाकीत टॉर्च मारा. कूलंट घुसळताना, कडेने सळसळताना दिसायला हवं. पाणी शांत असेल तर पंप बंद आहे किंवा आत हवा अडकली आहे. कूलंट बदलल्यावर ब्लीडर उघडून हवा जाईपर्यंत पंप चालवा. कारखान्याने सांगितलेलंच तयार मिश्रण घाला, हिरवं-गुलाबी एकत्र नको.

ट्रान्सॲक्सलचं (मोटरी आणि गिअर असलेल्या डब्याचं) तेल. मोटरींच्या वाइंडिंगला हेच तेल लागतं, म्हणून "कुठलंही चांगलं एटीएफ" (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालत नाही. टोयोटात डब्ल्यूएस नावाचं. आधी भरायचा बोल्ट उघडा, मगच खालचा. खालचा आधी सोडला आणि वरचा अडकला की तेल नसलेली गाडी जागेवर बसते. साडेतीन ते चार लिटर हाताशी ठेवा, गाडी सपाट जागी, आणि पातळी भोकाच्या खालच्या काठापासून ० ते १० मिमी.

ईजीआर. तिसऱ्या पिढीच्या प्रियसच्या २झेडआर-एफएक्सई इंजिनात ईजीआर कूलर आणि इनटेक मॅनिफोल्डच्या बारीक वाटा काजळीने भरतात. पुढे नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून इंजिनात ठोके बसणं) आणि हेड गॅस्केटचं दुखणं येतं. ज्याने एक लाख किलोमीटरनंतर हे साफ केलं नाही त्याने ताकदीच्या गोष्टी करू नयेत.

एसीला हात लावणार असाल तर एकच सूचना: विजेवरच्या कॉम्प्रेसरला पीओई प्रकारचं, कारखान्याने सांगितलेलं तेलच. साध्या गाडीचं पीएजी तेल थोडं जरी गेलं तरी इन्सुलेशन उतरतं आणि पी०एए६ हा वीजगळतीचा कोड येतो. मग लोक बॅटरी उघडून बसतात.

## पायरी ५: टायर आणि वजन

सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि नेमकं हेच लोक शेवटी करतात. मूळचे कमी घर्षणाचे टायर ॲव्हरेजसाठी असतात, पकडीसाठी नाहीत. चांगले टायर घातले की ब्रेकिंगचं अंतर आणि वळणावरची गाडी दोन्ही बदलतात. ॲव्हरेज थोडं पडेल, ते मान्य करूनच घ्या.

व्यास सांभाळा. १९५/६५ आर१५ चा व्यास ६३४.५ मिमी, २१५/४५ आर१७ चा ६२५.३. फरक दीड टक्क्याच्या आत, चालतं. तीन टक्क्यांच्या पुढे गेलात तर स्पीडोमीटर चुकतो आणि एबीएसचे हिशोब बिघडतात. रिम रुंदीपेक्षा वजन बघून निवडा. नट टॉर्क रेंचनेच आवळा, टोयोटाच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना १०३ न्यूटन-मीटर.

सुमारे १४०० किलोच्या गाडीतून ५० किलो काढले तर साडेतीन टक्के ताकद वाढवल्यासारखं होतं, आणि ती कधी तापून कमी होत नाही.

## पायरी ६: ब्रेक

हायब्रीडमध्ये रोजचं बरंचसं ब्रेकिंग मोटर करते, पॅड थंड राहतात. म्हणून ट्रॅकचे पॅड इथे उलटे पडतात. त्यांना चावायला उष्णता लागते, ती मिळत नाही आणि अचानक गरज पडली की गाडी घसरत पुढे जाते. थंड असतानाही पकडणारे रस्त्याचे पॅड घ्या.

१. पॅड काढण्याआधी ब्रेकची यंत्रणा झोपवा: मॅन्युअलप्रमाणे स्कॅनरने, नाहीतर १२ व्होल्ट काढून. दार उघडताच किंवा चावी जवळ येताच पंप आपोआप दाब तयार करतो. कॅलिपर उघडा असेल तर पिस्टन बाहेर येतो, बोट मध्ये असेल तर तेही चेपतं.

२. ब्रेक ऑइल बदलणं आणि हवा काढणं स्कॅनरच्या आज्ञेनेच. पेडल पंप करून जुन्या पद्धतीने केलेल्या ब्लीडिंगमध्ये ॲक्च्युएटरमधली (ब्रेकला दाब देणाऱ्या भागातली) हवा आतच राहते.

३. मोठे कॅलिपर टाळा. पेडल आणि चाकाच्या मध्ये संगणक आहे. त्याने ठरवलेल्या दाबाला पिस्टनचं जुनं क्षेत्रफळ गृहीत धरलेलं असतं.

४. नवे पॅड रिकाम्या, सरळ, बंद रस्त्यावर न्यूट्रलमध्ये ब्रेक मारून डिस्कवर बसवून घ्या. टोयोटात न्यूट्रलमध्ये मोटरचं ब्रेकिंग बंद होतं आणि सगळं काम पॅड करतात. ६० वरून १० वर, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा, मध्ये थंड होऊ देत. ड्राइव्हमध्ये हीच कसरत केली तर पॅड बसतच नाहीत.

## पायरी ७: सस्पेन्शन

२५ ते ३० मिमीपेक्षा जास्त खाली नेऊ नका. कडक स्प्रिंग आणि जुने शॉकप अशी जोडी तर नकोच. खड्ड्यावर चाक उडालं की ईसीयूला ते घसरल्यासारखं दिसतं, मोटरचं ब्रेकिंग तुटतं आणि क्षणभर गाडी सुटल्याचा भास होतो. चाक जमिनीला जेवढं चिकटून राहील तेवढं हे कमी. नंतर अलाइनमेंट करा आणि हेडलाइट स्वतः पातळी साधणारे असतील तर त्यांच्या सेन्सरची दांडी जुळवा.

## पायरी ८: फिल्टर, सायलेन्सर आणि पेडलचा डबा

थोडक्यात संपवू. प्रियसचं ॲटकिन्सन (इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होणारं) इंजिन ५,००० ते ५,२०० आरपीएमच्या पुढे फारसं जातच नाही, तिथे मोकळा सायलेन्सर देणार काय? आवाज मात्र एकसुरी घोंघावतो, कारण आरपीएम एकाच जागी अडकून राहतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर प्रदूषण तपासणीत गाडी नापास होईल. पेडलचा डबा फक्त पेडलचा अर्थ बदलतो: तीस टक्के दाबलं की पन्नास कळवतो. पूर्ण दाबलेलं पेडल दोन्हीकडे शंभरच. डबा लावून आणि काढून ६० ते १०० ची वेळ घ्या, सारखीच येईल.

## पायरी ९: सॉफ्टवेअर

हे टर्बो आणि मधल्या मोटरीच्या गाड्यांसाठी.

१. बाहेरून स्थिर १२ व्होल्ट सप्लाय लावा, १३ व्होल्टच्या वर. फ्लॅशिंगच्या वेळी गाडी रेडी नसते, डीसी-डीसी कन्व्हर्टर झोपलेला असतो आणि हायब्रीडची छोटी १२ व्होल्ट बॅटरी अर्ध्या वाटेत मान टाकते. मेलेल्या ईसीयूंपैकी बरेचसे असेच मेलेले असतात.

२. मूळ फाइल वाचून दोन ठिकाणी ठेवा.

३. ट्यूनरला विचारा: टॉर्कचं मॉडेल खरं ठेवलं आहे का? इंजिन देतंय ३५० आणि ईसीयू कळवतोय ३००, अशी फाइल असेल तर हायब्रीड ईसीयू मोटरचा टॉर्क चुकीचा मिसळतो. मग क्लच घसरतो किंवा गिअर बदलताना हिसका बसतो.

४. थंड इंजिनाची मर्यादा तपासा. प्लग-इन गाडी वीस मिनिटं विजेवर पळते आणि ओव्हरटेकला पेडल दाबताच बर्फासारखं थंड इंजिन थेट पूर्ण लोडवर येतं. ऑइल साधारण ७०-८० अंशांवर येईपर्यंत जास्तीचा टॉर्क मिळता कामा नये. ज्या फाइलमध्ये हे नाही ती घेऊ नका, कितीही घोडे दाखवत असली तरी.

५. आधी फक्त इंजिन थोडं वाढवा, १० ते १५ टक्के. नॉक, बूस्ट, मिश्रण आणि क्लचची घसरण नोंदवा. मोटरच्या आणि बॅटरीच्या मर्यादा वाढवणाऱ्या फाइल नाकारा. त्या मर्यादा तापमानावर ठरलेल्या असतात, सेल्समनवर नाही.

६. चाचणी भरलेल्या आणि उतरलेल्या, दोन्ही बॅटरींवर. उतरलेल्या बॅटरीवर इंजिन एकटं ओढतं आणि चार्जही करतं, नॉक पहिल्यांदा दिसतो तो तिथेच.

वॉरंटी आणि विमा यांचं काय होईल हे फाइल टाकण्याआधी लेखी विचारून घ्या.

## पायरी १०: पुन्हा मोजणी

पायरी २ मधल्याच जागी, त्याच चार्जवर, त्याच हवेच्या दाबावर पाच फेऱ्या. प्रत्येक बदलानंतर वेगळी मोजणी, तीन बदल एकत्र करून एक नाही. पहिली फेरी सुधारली आणि पाचवी मूळपेक्षा वाईट झाली तर उष्णता वाढली आहे, निघत नाही. अशा वेळी शेवटचा बदल मागे घ्या आणि पायरी ४ पुन्हा सुरू करा, पंख्यापासून.